फाइल बरोबर, मशीन बरोबर, मग शीट वाया का जातेय? नांदेड-लातूरच्या सीएनसी धंद्यातला ‘झिरो’चा घोळ

समजा, जूनचा पहिला आठवडा आहे. लातूरमध्ये क्लासेसचे प्रवेश जोरात चालू आहेत आणि एका नव्या अभ्यासिकेला पंधरा दिवसांत पन्नास टेबलं हवी आहेत. ऑर्डर एका तरुणाच्या वर्कशॉपला मिळते. त्याने कर्ज काढून सीएनसी राउटर घेतलाय. डिझाइन व्हॉट्सअॅपवर येतं, फाइल पेनड्राइव्हमध्ये जाते, प्लायची शीट बेडवर बसते, स्टार्ट दाबलं जातं. स्क्रीनवर सगळे पार्ट शीटच्या आत, अगदी ओळीत दिसतात. पण मशीन पहिलाच पार्ट असा कापतं, की अर्धा शीटवर आणि अर्धा हवेत.

मग सुरू होते दोष देण्याची शर्यत. कुणी म्हणतं मशीनमध्ये फॉल्ट आहे, कुणी म्हणतं सॉफ्टवेअर गंडलंय. डिझाइनवाला म्हणतो, ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.’ गंमत म्हणजे बहुतेक वेळा तिघांचंही काही चुकलेलं नसतं. फक्त शून्य कुठे धरायचा, हे तिघांनी एकमेकांना विचारलेलं नसतं.

हा ‘झिरो’चा घोळ नेमका काय असतो, तो कसा ओळखायचा आणि कसा दुरुस्त करायचा, ते आज बघू. आणि मशीनसाठी कर्ज देणाऱ्या योजनांमध्ये हा भाग कुठे हरवतो, तेही.

आत्ताच हा विषय का?

नांदेड, लातूरच काय, आता तालुक्याच्या गावीही ‘सीएनसी कटिंग करून मिळेल’ असे बोर्ड दिसतात. देवघराची जाळी, दरवाजावरचं कोरीवकाम, दुकानाच्या बोर्डची अक्षरं, मॉड्युलर किचन, होस्टेलची कपाटं असं सगळं काम राउटरवर होतं. दोन्ही शहरांत नीट-जेईईच्या क्लासेसमुळे होस्टेल आणि अभ्यासिका वाढल्या. तिथे एकाच मापाचे शंभर-दोनशे पार्ट लागतात. अशा कामात हाताच्या करवतीपेक्षा राउटर परवडतो.

त्यात सरकारी योजनांची भर आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यातलं एक. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप. तेवढ्यात मोठा राउटर बसत नाही. त्यामुळे तरुण मुलं राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाकडे किंवा केंद्राच्या पीएमईजीपीकडे वळतात. दोन्हींत प्रकल्पाच्या खर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदान मिळू शकतं. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजनाही आहे.

म्हणजे मशीन घेणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. ते चालवून हप्ता फेडणं किती सोपं आहे, ते आता पाहू. समजा, ८ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं. हप्ता येतो महिन्याला सुमारे १७,४०० रुपये. आता समजा, एक शीट ३,००० रुपयांची आहे आणि महिन्यात अशा सहा शीट झिरोच्या घोळात वाया गेल्या. झाले १८,००० रुपये. एक हप्ता सरळ भंगारात गेला.

नववीचं गणित आठवा

नववीत ‘निर्देशक भूमिती’ नावाचा धडा होता. एक्स अक्ष, वाय अक्ष आणि मधे आरंभबिंदू. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल, याचा उपयोग काय? सीएनसी राउटर म्हणजे तोच धडा, फक्त मोटर लावलेला. एक्स म्हणजे आडवं, वाय म्हणजे उभं, झेड म्हणजे खाली-वर. मशीनला ‘टेबलाची बाजू’ कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की शून्यापासून इतके मिलिमीटर इकडे जा आणि इतके खाली उतर.

अडचण अशी, की शून्य एक नसतो. निदान तीन असतात. पत्त्यासारखं समजा: गाव, गल्ली आणि घर.

गाव म्हणजे मशीनचा स्वतःचा शून्य. मशीन चालू केल्यावर ते एका कोपऱ्यात जाऊन लिमिट स्विचला टेकतं. त्याला होमिंग म्हणतात. ही जागा कायम तीच राहते.

गल्ली म्हणजे कामाचा शून्य. शीट बेडवर जिथे ठेवली, तिथे ऑपरेटर ‘झिरो घेतो’. जी-कोडच्या भाषेत यासाठी जी५४ ते जी५९ असे सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एका कामाचा झिरो साठवता येतो.

घर म्हणजे ड्रॉइंगमधला शून्य. डिझाइन करणाऱ्याने कॉम्प्युटरवर ज्या बिंदूला शून्य मानलं, तो.

डिलिव्हरीवाल्याला लोकेशनची पिन पुढच्या गल्लीत पडलेली पाठवली, तर त्याची गाडी, फोन, जीपीएस सगळं ठीक असूनही पार्सल दुसऱ्याच्या दारात जातं. इथेही तसंच होतं. किंवा शेताची मोजणी घ्या. मोजणी कितीही अचूक असो, हद्दीचा दगड चुकीचा धरला की सगळा बांधच शेजाऱ्याच्या शेतात सरकतो.

लक्षण बघा, रोग ओळखा

चूक झाली की बरेच जण लगेच सेटिंग बदलायला लागतात. तसं करू नका. आधी चूक नेमकी कशी झाली आहे, ते टेपने मोजा. चुकीचा आकारच कारण सांगतो.

सगळे पार्ट एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेत. आकार बरोबर, एकमेकांतलं अंतरही बरोबर. म्हणजे झिरो चुकीच्या जागी घेतलाय. हा सगळ्यात सोपा प्रकार.

काम बरोबर अर्ध्या शीटने सरकलंय. ही ‘कोपरा की मध्य’ची चूक. ८ बाय ४ फुटांची शीट म्हणजे २,४४० बाय १,२२० मिमी. डिझाइनवाल्याने शून्य शीटच्या मध्यभागी ठेवला, तर एक्स उणे १,२२० पासून अधिक १,२२० पर्यंत जातो आणि वाय उणे ६१० पासून अधिक ६१० पर्यंत. ऑपरेटरने मात्र झिरो डाव्या खालच्या कोपऱ्यात घेतला. मग फक्त वरचा उजवा चतुर्थांश शीटवर पडतो आणि बाकीचं काम बेडच्या बाहेर जाऊ पाहतं. मशीनमध्ये मर्यादा सेट असेल तर अलार्म वाजतो, नसेल तर गॅन्ट्री टोकाला आपटते.

पार्ट अवाढव्य किंवा एकदम चिमुकले आलेत. इंच आणि मिलिमीटरची अदलाबदल. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. ६०० मिमीची फळी इंच समजून वाचली, तर ती १५ मीटरपेक्षा लांब होते. उलट झालं, तर ती २४ मिमीपेक्षाही लहान होते. डीएक्सएफ फाइलमध्ये एकक दर वेळी नीट लिहिलेलं नसतं, म्हणून इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअर विचारतं. आपण न वाचता ओके दाबतो. ही चूक फक्त आपल्याकडेच होते असं नाही. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी जाऊन हरवलं. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडाच्या हिशेबात दिले होते आणि दुसरं ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होतं.

प्रत्येक पार्ट बिटच्या जाडीएवढा लहान आलाय. झिरो ठीक आहे. ६ मिमीचं बिट रेषेच्या बाहेरून जायच्या ऐवजी रेषेवरून गेलंय. दोन्ही बाजूंनी ३-३ मिमी गेले. टूलपाथमध्ये ‘रेषेवर’ ऐवजी ‘बाहेरून’ निवडा. भोकांसाठी उलट, म्हणजे ‘आतून’.

चौकोन तिरका येतोय. दोन्ही कर्ण मोजा. ४०० बाय ३०० मिमीच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण ५०० मिमी यायला हवेत. कमी-जास्त आले, तर गॅन्ट्री गुण्यात नाही. हे सॉफ्टवेअरने नाही, पान्याने सुटतं.

पहिला पार्ट बरोबर, दुसरा थोडा सरकलेला, दहावा खूपच सरकलेला. इथे झिरोला दोष देऊ नका. साधी स्टेपर मोटर आपण खरंच किती फिरलो, हे परत कळवत नाही. स्पीड जास्त, बिट बोथट, कपलिंग ढिलं असं काही असलं की ती मधेच पावलं चुकवते आणि चूक साचत जाते. कितीही वेळा झिरो घेतला, तरी ती पुन्हा येणार.

फक्त एकच पार्ट चुकतोय, तेव्हा

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हा. शीटवर वीस पार्ट लावलेत, एकोणीस बरोबर येतात आणि एक भलतीकडेच जातो. किंवा बाहेरचं कटिंग बरोबर, पण आतली स्क्रूची भोकं दहा मिमीने बाजूला. इथे ऑपरेटरने घेतलेला झिरो बरोबर असतो. घोळ सॉफ्टवेअरच्या आत असतो, आणि तो बहुधा चारपैकी एका जागी सापडतो.

पहिली जागा: पार्ट हलवला, पण टूलपाथ हलला नाही. व्हेक्ट्रिक अॅस्पायरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरकवली म्हणून आधी काढलेला टूलपाथ आपोआप सरकत नाही. तो पुन्हा कॅलक्युलेट करावा लागतो. शीटवर जागा वाचवायला शेवटच्या क्षणी एक पार्ट बाजूला ढकलला आणि तसंच सेव्ह केलं, की स्क्रीनवर रेषा नव्या जागी दिसते, पण फाइलमध्ये जुनीच जागा जाते. म्हणून काहीही हलवलं की सगळे टूलपाथ पुन्हा कॅलक्युलेट करायचे. हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

दुसरी जागा: ड्रॉइंग शून्यापासून लांब काढलंय. घराच्या पूर्ण प्लॅनमधून एक कपाट कॉपी केलं, तर ते शून्यापासून कित्येक मीटर लांब बसलेलं असतं. इम्पोर्ट झाल्यावर आधी सगळं निवडा आणि डावा खालचा कोपरा शून्य, शून्यवर आणा. टूलपाथचं काम त्यानंतर. कुठेतरी कोपऱ्यात राहिलेला एखादा फालतू ठिपकाही ‘डावा खालचा कोपरा’ बदलून टाकतो. म्हणून सगळं निवडल्यावर एकूण लांबी-रुंदीचा आकडा वाचा. शीटपेक्षा मोठा आला, तर ठिपका शोधून काढून टाका.

तिसरी जागा: दोन फाइल, दोन शून्य. ड्रिलिंगसाठी एक बिट आणि कटिंगसाठी दुसरं, म्हणून दोन फाइल सेव्ह केल्या. मधे कुणीतरी जॉब सेटअपमध्ये शून्य मध्यावरून कोपऱ्यात नेला. आता भोकं एका शून्यापासून आणि कडा दुसऱ्या शून्यापासून. एका शीटच्या सगळ्या फाइल एकाच बैठकीत, एकाच सेटअपमधून सेव्ह करा. बिट बदलल्यावर एक्स आणि वायचा झिरो अजिबात हलवायचा नाही. फक्त झेड पुन्हा घ्यायचा, कारण नव्या बिटची लांबी वेगळी असते. तोही फाइलमध्ये जिथे धरलाय तिथूनच: शीटच्या वरून धरला असेल तर वरून, बेडवरून असेल तर बेडवरून. यात गल्लत झाली, की १८ मिमीच्या प्लायवर बिट एकतर हवेत फिरतं किंवा बेडमध्ये घुसतं.

चौथी जागा: उलटा केलेला पार्ट. डावी आणि उजवी बाजू करायला पार्ट मिरर केला, पण भोकं वेगळ्या लेयरवर असल्याने ती तशीच राहिली. रेषा आणि भोकं आधी ग्रुप करा, मगच फिरवा किंवा मिरर करा.

आर्टकॅम वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑटोडेस्कने आर्टकॅम २०१८ मध्येच बंद केलं. तेच पुढे कार्व्हको या नावाने आलं. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून घेतलेल्या जुन्या कॉपीत तुमच्या मशीनचा पोस्ट-प्रोसेसर असेलच, असं नाही. टूलपाथला तुमच्या मशीनच्या बोलीत उतरवणारा भाग म्हणजे पोस्ट-प्रोसेसर. तोच चुकला, तर स्क्रीनवर सगळं बरोबर असूनही मशीन वेगळंच ऐकतं.

स्टार्ट दाबण्याआधी मोबाइल काढा

जी-कोडची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ती मोबाइलवरही उघडता येते. पहिल्या ओळींत जी२१ दिसला तर मिलिमीटर, जी२० दिसला तर इंच. जी९० म्हणजे सगळी मापं शून्यापासून, जी९१ म्हणजे आहे त्या जागेपासून. मग एक्सचे आकडे नजरेखालून घाला. झिरो कोपऱ्यात घेणार असाल आणि फाइलमध्ये मोठे उणे आकडे असतील, तर तिथेच थांबा. एनसी व्ह्यूअरसारख्या वेबसाइटवर फाइल टाकली, तर बिट कुठून कुठे जाणार, ते ब्राउझरमध्येच चित्रात दिसतं.

त्यानंतर हवेत एक फेरी. झेड ५० मिमी वर ठेवून काम चालवा आणि बिट शीटच्या चारही कडांच्या आत राहतंय का, ते बघा. पाच मिनिटं जातील, पण शीट वाचेल. पन्नास टेबलांची ऑर्डर असेल, तर पहिला सेट हलक्या एमडीएफवर कापून, जोडून बघा. एकदा झालेली चूक पन्नास वेळा कापून देण्यात राउटरचा हात कुणी धरणार नाही.

आणि आपल्याकडची खास अडचण: लाइट जाते. पुन्हा आली, की मशीनला आपण कुठे होतो हे खात्रीने माहीत नसतं. होमिंग स्विच असतील आणि झिरो जी५४ मध्ये साठवला असेल, तर होमिंग करून तोच झिरो परत मिळतो. नसेल, तर अंदाजाने झिरो घ्यावा लागतो, आणि अर्धवट कापलेल्या पार्टवर एक मिमीचा अंदाजही चालत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी झिरोच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. बेडवर कोपऱ्यात दोन पक्के स्टॉपर बसवले, तर प्रत्येक शीट त्याच जागी टेकते आणि तोच झिरो दिवसभर पुरतो.

मग योजनेत काय राहून जातं?

हे सगळं ज्ञान अवघड नाही. पण ते शिकवायचं कुणी, इथे गाडी अडते. पीएम विश्वकर्मामध्ये मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं असतं. कर्जाच्या योजनांमधलं उद्योजकता प्रशिक्षण धंदा कसा चालवायचा, ते सांगतं. आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडला सीएनसी येतं, पण ते धातूचं. सुतारकामाच्या ट्रेडचा भर लाकूड, हत्यारं आणि जोड यांवर. राउटर नेमका या दोघांच्या मधे पडतो. तो सुताराच्या दुकानात असतो, पण विचार मशिनिस्टचा मागतो. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, एक नमुना कापून दाखवतो आणि जातो. पुढचं शिक्षण स्वतःच्या शीटवर.

खरं तर शिकवू शकणारी माणसं जवळच आहेत. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासूनचं श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. शनिवार-रविवारचा एक छोटा वर्ग, विषय फक्त झिरो, ऑफसेट आणि टूलपाथ, एवढ्याने खूप फरक पडेल. अनुदानाच्या फाइलला मशीनचं कोटेशन जोडावं लागतं. तसं अशा वर्गाचं प्रमाणपत्रही जोडायला लावलं, तर बँकेचे पैसेही जास्त सुरक्षित राहतील.

याला आणखी एक बाजू आहे. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं आणि पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला बाहेर पडला. २०२३ मध्ये वंदे भारत स्लीपरच्या १,९२० डब्यांचा करार झाला आणि त्या कामासाठी हाच कारखाना ठरला. डबा असो की देवघराची जाळी, अचूक काम एका पक्क्या शून्यापासूनच सुरू होतं. प्लायवर झिरो घ्यायला नीट शिकलेल्या पोराला उद्या धातूच्या मोठ्या मशीनसमोर उभं राहणं तेवढं परकं वाटणार नाही.

मशीन घ्यायचा विचार असेल, तर विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. होमिंग स्विच आहेत का, आणि लाइट गेल्यावर झिरो परत कसा मिळतो?
२. माझ्या सॉफ्टवेअरसाठी या मशीनचा पोस्ट-प्रोसेसर लेखी देणार का?
३. तुमचा माणूस माझ्या फाइलवर, माझ्या शीटवर, निदान दोन दिवस शिकवणार का?
४. मर्यादेच्या बाहेर जाताना मशीन आपोआप थांबतं का? थांबवून दाखवा.

आणि डिझाइन दुसऱ्याकडून करून घेत असाल, तर फाइलसोबत एक ओळ हक्काने मागा: ‘शून्य डावा खालचा कोपरा, एकक मिमी, झेड शीटच्या वरून.’ ही ओळ व्हॉट्सअॅपवर टाइप करायला दहा सेकंद लागतात. ती आलेली नसेल, तर शीट बेडवर चढवू नका.